लाल कोर्टवरचं टेनिस बघायला शिकताना: चेंडू थोडा सोडा, पाय बघा

विम्बल्डन आपल्याकडे बहुतेकांना बघता येतं. जोरदार सर्व्हिस, दोन-तीन फटके, पॉइंट खलास. पण मे महिन्याच्या शेवटी फ्रेंच ओपन लावावं, तर पहिल्या दहा मिनिटांत हात रिमोटकडे जातो. दोघं आपले मागे उभे राहून फटक्यावर फटके मारतायत, चेंडू परत येतच राहतो, आणि मधेच कुणीतरी हलकेच जाळीपलीकडे चेंडू टाकून पॉइंट घेतो. आधीच का नाही टाकला मग?

या प्रश्नाचं उत्तर कळलं की क्ले कोर्टचं, म्हणजे फ्रेंच ओपनच्या या लाल कोर्टवरचं टेनिस कळायला लागतं. त्यासाठी स्वतः रॅकेट धरलेली असायची गरज नाही. पंधरा, तीस, चाळीस, ड्यूस, सेट एवढं येत असेल तर पुरे. खालच्या पायऱ्या सामना चालू असताना एकेक करून लावून बघा. सगळ्या एकाच दिवशी लावायला जाऊ नका, डोकं भणभणेल.

पायरी 1: पायाखाली काय आहे ते समजून घ्या

लाल दिसतं म्हणून ती आपल्या आखाड्यातली माती समजू नका. पॅरिसच्या रोलाँ गारोसवर, म्हणजे फ्रेंच ओपन जिथे होते तिथे, सगळ्यात वर असतो तो विटांचा बारीक चुरा. तोही जेमतेम एक-दोन मिलिमीटर. त्याखाली सहा-सात सेंटिमीटर पांढऱ्या चुनखडीचा दाबून बसवलेला भुगा, त्याखाली कोळशाच्या राखेची खर, मग खडी आणि तळाशी दगड. रंग आणि घसरण विटेच्या चुऱ्याची, पण ओल धरून ठेवून कोर्टला घट्टपणा देण्याचं काम पांढऱ्या थराचं. म्हणूनच खेळाडू जोरात घसरला की लालमध्ये मधेच पांढुरका पट्टा उमटलेला दिसतो.

चेंडू या चुऱ्यावर टेकतो तेव्हा जमिनीशी जास्त घासला जातो. त्याचा पुढे जाण्याचा वेग कमी होतो आणि तो जास्त उंच उसळतो. गवतावर तो खाली राहून सुळकन निघून जातो, इथे समोरच्याला पोहोचायला अर्धा क्षण जास्त मिळतो. सगळा खेळ या अर्ध्या क्षणाचा आहे. गवतावर जो फटका पॉइंट संपवतो, तोच इथे परत येतो. मग पॉइंट संपवायचा तर आधी समोरच्याला त्याच्या जागेवरून हलवावं लागतं, आणि ते एका फटक्यात होत नाही.

पीट सॅम्प्रसचंच बघा. 14 ग्रँड स्लॅम विजेतेपदं, त्यातली सात विम्बल्डनची, पण फ्रेंच ओपनमध्ये त्याची मजल 1996 च्या उपांत्य फेरीपुढे कधीच गेली नाही. एवढी जबरदस्त सर्व्हिस असूनही. उलट राफाएल नदालच्या 22 ग्रँड स्लॅमपैकी 14 एकट्या पॅरिसमधली आहेत.

पायरी 2: चेंडू जाळीवरून गेला की नजर खेळाडूच्या पायांवर न्या

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. आपली नजर चेंडूमागे इकडून तिकडे फिरते आणि त्यात खरी गोष्ट निसटते. एक अख्खा गेम फक्त एवढंच बघा: दोघांपैकी कोण बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या टोकाच्या रेषेच्या, किती मागे उभा आहे?

क्लेवर सर्व्हिस परतवताना काही जण इतके मागे जातात की टीव्हीच्या चौकटीबाहेरच पडतात. नदाल हे नेहमी करायचा, नॉर्वेचा कास्पर रूड करतो. मागे गेलं की उंच उसळलेला चेंडू खाली येईपर्यंत वेळ मिळतो आणि संपूर्ण हात फिरवून फटका मारता येतो. पण त्याची किंमत आहे. समोर सगळं मैदान मोकळं पडतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. तो हलका ड्रॉप शॉट आधी टाकला असता तर समोरचा बेसलाइनवरच होता, दोन ढांगांत पोहोचून त्याने चेंडू कुठेही मारला असता. आधीचे दहा फटके त्याला मागे मागे ढकलण्यात गेले. शेवटचा फटका आपल्याला दिसतो, पण कमाई आधीच्या दहांची असते. कार्लोस अल्काराझ यात वस्ताद. फोरहँड (रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका) जोरात मारणार असा पवित्रा घेतो, समोरच्याची पावलं मागे वळतात, आणि शेवटच्या क्षणी मनगट सैल सोडून चेंडू जाळीपाशी टाकतो.

पॉइंट कोण जिंकतोय हे ओळखायची सोपी खूण: जो आत आत सरकतोय त्याची सरशी, जो मागे आणि बाहेर ढकलला जातोय तो संकटात. फटके कितीही देखणे असोत.

पायरी 3: एक पॉइंट सावकाश बघा

समजा उजव्या हाताचा खेळाडू सर्व्हिस करतोय, कोर्टच्या डाव्या बाजूने. तो सपाट, वेगवान सर्व्हिस करत नाही. चेंडूला घासून वर उचलतो, त्यामुळे टप्पा पडल्यावर चेंडू उसळून समोरच्याच्या बॅकहँडला, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या उलट बाजूला, खांद्याएवढा वर येतो. समोरचा कोर्टच्या बाहेर खेचला गेलाय आणि खांद्याच्या उंचीवरून त्याला जोर लावता येत नाही, म्हणून परत आलेला चेंडू मध्यावर आखूड पडतो. सर्व्हिस करणारा दोन पावलं आत येतो आणि समोरच्याच्या मोकळ्या उजव्या कोपऱ्यात फोरहँड मारतो. गवतावर इथे पॉइंट संपला असता. क्लेवर समोरचा धावत, घसरत तिथे पोहोचतो आणि चेंडू उंच उडवून परत टाकतो. पुन्हा डाव्या कोपऱ्यात. पुन्हा परत. आता मात्र तो दमलाय, पावलं अडखळतायत, बेसलाइनच्या तीन मीटर मागे आहे. चौथ्या वेळी जाळीजवळ अलगद चेंडू. संपलं.

हे लक्षात आलं की लांबलेली रॅली कंटाळवाणी वाटायची थांबते.

यात टॉपस्पिनचा मोठा वाटा आहे. रॅकेट खालून वर घासून मारलं की चेंडू पुढच्या दिशेने गरगरत जातो, जाळीवरून बराच उंच जाऊनही शेवटी पटकन खाली उतरतो आणि टप्प्यानंतर उसळतो. नदालच्या फोरहँडचा चेंडू मिनिटाला सरासरी तीन हजारांहून जास्त फेरे घ्यायचा. फिरकी गोलंदाजाला धार्जिणी खेळपट्टी मिळावी तसं क्लेचं आणि त्याचं जमलं होतं. तो डावखुरा, त्यामुळे त्याचा फोरहँड उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडवर उसळायचा. एका हाताने बॅकहँड मारणाऱ्या रॉजर फेडररला पॅरिसमध्ये त्याने जे छळलं त्याचं अर्धंअधिक कारण हेच.

पायरी 4: घसरणं नीट बघा

नवख्याला वाटतं खेळाडू पाय निसटून घसरतायत. तसं नसतं. चांगला खेळाडू चेंडूपर्यंत पोहोचायच्या आधी घसरायला सुरुवात करतो आणि फटका मारताना घसरण संपत आलेली असते, म्हणजे लगेच उलट दिशेला निघता येतं. जो फटका मारून झाल्यावर घसरतो, तो दोन पावलं बाहेर वाहून जातो आणि पुढच्या चेंडूला उशीर करतो. हार्ड कोर्टवर (सिमेंटसारख्या कडक कोर्टवर) वाढलेले खेळाडू पहिल्या आठवड्यात इथे का धडपडतात, ते पाच मिनिटं पाय बघितले तरी कळतं.

तळव्याला नागमोडी खाचा असलेले खास बूट यासाठीच. खाचांत चुरा भरला की पकड जाते, म्हणून दर पॉइंटनंतर खेळाडू रॅकेटने बुटांवर टकटक करतात. ती सवय नव्हे, गरज आहे. (नदाल पाण्याच्या बाटल्या ओळीत मांडून ठेवायचा, ती मात्र सवयच.)

पायरी 5: चेंडूचा ठसा आणि त्यावरची भांडणं

क्लेची ही खास गंमत दुसऱ्या कुठल्याही कोर्टवर नाही. चेंडू पडला की चुऱ्यात लांबट ठसा उमटतो. रेषेजवळ पडलेल्या चेंडूवर वाद झाला की खेळाडू खेळ थांबवतो, रॅकेटने ठशाकडे बोट दाखवतो, अंपायर उंच खुर्चीवरून खाली उतरून तिथपर्यंत चालत येतो आणि वाकून बघतो. ठशाची कड रेषेला शिवत असेल तर चेंडू आत. ठसा आणि रेषा यांच्यात लाल फट दिसत असेल तर बाहेर. मग तो पायाने ठसा पुसून टाकतो, म्हणजे पुढे घोळ नको.

तीन नियम माहीत असू द्या. ठसा बघायला सांगायचं तर खेळ तिथेच थांबवावा लागतो, पुढे खेळून मग मागता येत नाही. कुठला ठसा, हे अंपायरला ओळखता आलं पाहिजे, नाहीतर मूळ निर्णय कायम. आणि जाळी ओलांडून समोरच्याच्या बाजूला जायचं नाही.

हा तिसरा नियम मार्टिना हिंगीसला फार महाग पडला. 1999 च्या फ्रेंच ओपनची अंतिम फेरी, समोर स्टेफी ग्राफ. हिंगीस पहिला सेट जिंकून दुसऱ्यात 2-0 पुढे होती. तिचा एक चेंडू बाहेर दिला गेला आणि ती तडक जाळीपलीकडे जाऊन ठसा दाखवायला लागली. तिला एका पॉइंटचा दंड झाला, प्रेक्षक पूर्ण उलटले, आणि ग्राफने तो सामना 4-6, 7-5, 6-2 असा जिंकला. त्या सामन्याचं चित्रण मिळालं तर जरूर बघा. प्रेक्षकांची बाजू बदलली की खेळाडूचे पाय कसे जड होतात ते त्यात दिसतं.

आता हे चित्र बदलतंय. 2025 पासून पुरुषांच्या एटीपी दौऱ्यावर क्लेवरही रेषांचे निर्णय यंत्र देतं. म्हणजे मॉन्टे कार्लो, माद्रिद, रोम इथे अंपायर खाली उतरून ठसा बघत नाही. पण ठसा तर उमटतोच आणि यंत्र म्हणतं ते कधीकधी डोळ्यांना पटत नाही. त्याच वर्षी माद्रिदमध्ये अलेक्झांडर झ्वेरेव्हने मोबाइल काढून ठशाचा फोटो घेतला आणि ताकीद ओढवून घेतली. त्याच्या आधी अरिना सबालेन्कानेही स्टुटगार्टला हेच केलं होतं. विम्बल्डनने 2025 मध्ये रेषेवरचे पंच काढून टाकले, फ्रेंच ओपनने मात्र त्या वर्षी माणसंच ठेवली. मला विचाराल तर बरंच केलं. अंपायर खाली उतरतो त्या अर्ध्या मिनिटात सगळं स्टेडियम श्वास रोखून बसतं, ते यंत्राच्या आवाजाने येणार नाही.

पायरी 6: सामन्याआधी पॅरिसची हवा बघा

क्ले दर तासाला बदलतं. कडक ऊन पडलं की कोर्ट सुकतं, चेंडू हलका राहतो, वेगाने आणि उंच उसळतो. ढगाळ, थंड, दमट हवेत चुरा ओल धरतो, चेंडूच्या लोकरीला लाल चिकटतं, तो जड होतो आणि उसळी कमी होते. रिमझिम पावसात खेळ चालू राहतो, कारण थोडं पाणी कोर्ट पिऊन घेतं. उलट फार सुकलं तर कर्मचारी मुद्दाम पाणी मारतात. सेट संपला की जाळीसारखी मोठी पट्टी ओढत चुरा सारखा करणारी आणि झाडूने रेषा साफ करणारी मंडळी तुम्ही बघितली असतीलच. रेषेवर चुरा साचला तर चेंडू वेडावाकडा निघतो, म्हणून ती धावपळ.

याचा सामन्यावर थेट परिणाम होतो. टॉपस्पिनवर जगणाऱ्याला दुपारचं ऊन आवडतं. सपाट, जोरकस फटके मारणाऱ्याला संध्याकाळची खालची उसळी सोयीची. करोनामुळे 2020 ची फ्रेंच ओपन सप्टेंबर-ऑक्टोबरच्या थंडीत झाली तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं होतं की जड चेंडूंनी नदालची धार जाईल. अंतिम फेरीत छप्पर बंद होतं. नदालने नोव्हाक जोकोविचला 6-0, 6-2, 7-5 असं हरवलं. तेव्हा हवा बघा, पण पैज लावू नका.

गावानुसारही फरक पडतो. माद्रिद समुद्रसपाटीपासून साधारण 650 मीटर उंच, हवा विरळ, चेंडू सुसाट. तिथे मोठ्या सर्व्हिसवाल्यांचं फावतं. मॉन्टे कार्लो समुद्राकाठी, एप्रिलच्या गारव्यात, बरंच संथ. माद्रिदने 2012 मध्ये टीव्हीवर चेंडू ठळक दिसावा म्हणून निळं क्ले केलं होतं. खेळाडूंचे पाय त्यावर इतके निसटले की नदाल आणि जोकोविच यांनी पुन्हा येणार नाही म्हणून बजावलं, आणि पुढच्या वर्षी कोर्ट परत लाल. अमेरिकेत चार्ल्सटनला हिरवं क्ले आहे, ते विटेचं नसून दळलेल्या दगडाचं असतं आणि थोडं वेगवान खेळतं.

पायरी 7: स्कोअर बघून टीव्ही बंद करू नका

क्लेवर सर्व्हिसचा दबदबा कमी, म्हणून सर्व्हिस भेदली जाणं, म्हणजे सर्व्हिस करणाराच गेम हरणं, रोजचंच. गवतावर 4-2 म्हणजे सेट जवळपास खिशात. इथे 4-2 म्हणजे अजून काहीच नाही. आणि फ्रेंच ओपनमध्ये पुरुषांचे सामने पाच सेटचे असल्याने दोन सेटची आघाडीही पुरत नाही. 1984 मध्ये जॉन मॅकेन्रो अंतिम फेरीत पहिले दोन सेट जिंकून इव्हान लेंडलकडून हरला. 2004 मध्ये गास्तोन गाउदिओ पहिला सेट 0-6 हरला होता, दुसराही हरला, पुढे दोन मॅच पॉइंट वाचवून जिंकला. जोकोविचनेही 2021 मध्ये स्टेफानोस त्सित्सिपासविरुद्ध दोन सेटची पिछाडी भरून काढली.

आणि मग 8 जून 2025. यानिक सिनर दोन सेट विरुद्ध एक असा पुढे, चौथ्या सेटमध्ये 5-3, अल्काराझची सर्व्हिस, 0-40. तीन चॅम्पियनशिप पॉइंट, म्हणजे त्यातला एक जरी घेतला तरी विजेतेपद. अल्काराझने तिन्ही वाचवले आणि पाचव्या सेटच्या टायब्रेकमध्ये 10-2 ने सामना घेतला. 5 तास 29 मिनिटं, फ्रेंच ओपनच्या इतिहासातली सगळ्यात लांब अंतिम फेरी. कुठून सुरू करावं असं विचाराल, तर याच सामन्याचा चौथा सेट 5-3 पासून पुढे बघा आणि पायरी 2 लावा.

पायरी 8: कुणाला बघायचं

जुन्यांत एक नाव अटळ. नदालने पॅरिसमध्ये 116 सामने खेळले आणि फक्त चार हरला: 2009 मध्ये रॉबिन सॉडर्लिंगकडून, 2015 आणि 2021 मध्ये जोकोविचकडून, 2024 मध्ये झ्वेरेव्हकडून. महिलांत ख्रिस एव्हर्टची सात विजेतेपदं, आणि 1973 ते 1979 या काळात क्लेवर सलग 125 विजय. गमतीदार माणूस हवा असेल तर ब्राझीलचा गुस्ताव्हो कुएर्तन. 2001 मध्ये हरता हरता वाचलेला सामना जिंकल्यावर त्याने रॅकेटने कोर्टवर मोठं बदाम काढलं आणि त्यात आडवा झाला.

आजच्यांत अल्काराझ, सिनर आणि महिलांत इगा श्वीऑनटेक (2020, 2022, 2023, 2024) आणि 2025 ची विजेती कोको गॉफ. शिकायला सुरुवात श्वीऑनटेकपासून करा असं मी सांगेन. तिचं घसरणं आणि आत सरकणं इतकं स्वच्छ असतं की काय बघायचं ते शोधावं लागत नाही.

आपल्या माणसांचाही पॅरिसशी जुना संबंध आहे, फक्त तो बहुतेक दुहेरीतला. महेश भूपतीने 1997 मध्ये जपानच्या रिका हिराकीबरोबर इथेच मिश्र दुहेरी जिंकली, ते भारतीयाचं पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद. पेस-भूपती जोडी 1999 आणि 2001 मध्ये इथे जिंकली, भूपती-सानिया मिर्झा 2012 मध्ये, रोहन बोपण्णा 2017 मध्ये. पुण्यात बालेवाडीला 2018 ते 2023 एटीपी स्पर्धा झाली तेव्हा ज्यांनी व्यावसायिक टेनिस समोरून बघितलं, त्यांनी ते हार्ड कोर्टवर बघितलं. तो वेग डोक्यात असेल तर पहिले दोन दिवस क्ले संथ वाटणारच.

पायरी 9: कधी बसायचं

फेब्रुवारीत दक्षिण अमेरिकेत थोडं क्ले असतं. खरा हंगाम एप्रिलमध्ये मॉन्टे कार्लोपासून सुरू होतो, मग बार्सिलोना, माद्रिद, रोम, आणि मेच्या शेवटी पॅरिस. विम्बल्डननंतर जुलैत युरोपात परत काही छोट्या स्पर्धा होतात. त्या सोडल्या तरी चालतील.

पॅरिस उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. बाहेरच्या कोर्टांवर खेळ तिथे सकाळी 11 ला, म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीचला सुरू होतो. रात्रीचा सामना तिथल्या सव्वाआठचा, आपल्याकडे पावणेबाराचा. दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर त्याच्या नादी लागू नका, पाच सेट झाले तर उजाडायला येतं. अंपायर स्कोअर फ्रेंचमध्ये सांगतो, पण 'एगालिते' म्हणजे ड्यूस एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं, बाकी पाटीवर दिसतंच.

पहिला आठवडा नवख्याला जास्त चांगला, बड्या नावांपेक्षा बाहेरच्या कोर्टांवरचा. तिथे स्पेन, अर्जेंटिना, इटलीचे क्लेवर वाढलेले खेळाडू मानांकितांना घाम फोडतात. असा एखादा पाच सेटचा सामना निवडा, मोबाइल बाजूला ठेवा आणि पहिला सेट फक्त पाय बघा. महिलांची अंतिम फेरी शनिवारी, पुरुषांची रविवारी, दोन्ही आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. रविवारी जेवण आधीच करून ठेवा.